बटण की जिना

आमच्या इमारतीत सुलभाकाकूंसमोर एक वाक्य बोलायला बंदी होती. ‘घाबरू नका.’ बंदी कुठे लिहून लावलेली नव्हती, पण ती मोडणाऱ्याची काय फजिती होते हे प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेलं होतं. मी तर राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात अनुभवलं.

सहकारनगरातली आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. संध्याकाळी ऑफिसातून येत होते, तर दुसऱ्या मजल्यावरून वर जाताना जिन्याच्या वळणावर एक बाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. साठीच्या आसपासच्या, किरकोळ बांध्याच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. शेजारी भाजीची पिशवी. चेहरा पांढराफटक आणि गळ्याशी कातडीखाली काहीतरी भराभरा उडत होतं. मी धावत गेले आणि कुणीही म्हणेल तेच म्हणाले, “काकू, घाबरू नका, मी पाणी आणते.”

त्यांनी एक बोट वर केलं. श्वास पुरत नव्हता, पण बोट थरथरत नव्हतं.

“मी घाबरलेली नाही. मला घाबरं होतंय. दोन्हींत फरक आहे. पाणी आण.”

मी पाणी घेऊन आले तोवर त्या उठून उभ्या होत्या. गळ्याशी उडणारं ते थांबलं होतं. दोन घोट पाणी प्यायल्या, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, “मेथी बरी मिळाली आज. एक जुडी हवी का? समोरच्या ब्लॉकमध्ये आलात ना तुम्ही?”

अशी आमची ओळख झाली. ‘तुम्ही’चं ‘तू’ व्हायला फार दिवस लागले नाहीत, कारण मी लिहिताना चुका करते हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं आणि त्यांच्या लेखी चुका करणारा माणूस लहानच असायचा.

सुलभा निकम कसबा पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. लग्नपत्रिकांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. छापखाना बंद पडला, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. सोसायटीच्या फळ्यावर ‘उद्या पाणि येणार नाही’ असं कुणी लिहिलं की लाल पेन घेऊन या खाली उतरणार आणि ‘णी’ दीर्घ करणार. सेक्रेटरी एकदा वैतागून म्हणाले, “काकू, पाणी येणारच नाहीये, तर ऱ्हस्व काय नि दीर्घ काय!” काकू म्हणाल्या, “येत नाही ते नाही. निदान लिहिताना तरी पुरेसं लिहा.”

हे वाक्य ऐकून सगळ्यात जास्त हसले ते निकमकाका. काका खडकवासल्याला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले. शांत, ढगळ सदऱ्यातला, कधीही घाई न करणारा माणूस. जगातली कुठलीही गोष्ट ते धरणाच्या हिशेबात सांगत. जेवण झालं की “भरलं बुवा धरण.” नातेवाईक रडू लागले की “सोडू दे जरा पाणी, नाहीतर भिंतीवर ताण येतो.” काकू म्हणायच्या, “आमच्या घरी दोनच विषय. एक पाणी आणि दुसरं ‘पाणी’तलं वेलांटी.” आणि लगेच स्वतःलाच सुधारायच्या, “दुसरी. ‘पाणी’तली वेलांटी. बघ, यांच्या संगतीत माझंही बिघडलं.”

तर ती बंदी मुळात काकांमुळे आली होती. काकूंना ही धडधड जुनी होती, मुलगी शाळेत होती तेव्हापासूनची. भांडी घासताना, मुद्रितं वाचताना, कधी नुसत्या बसलेल्या असताना, एकदम काळीज सुटायचं. त्या म्हणायच्या, “अहो, मला घाबरं होतंय.” आणि काका जिथे असतील तिथून उठून यायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “घाबरू नकोस, मी आहे ना.”

“तुम्ही आहात म्हणून ते थांबणार आहे का?” काकू उखडायच्या. काका हात काढायचे नाहीत.

डॉक्टरांकडेही तेच. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असायची. ईसीजीची पट्टी काढली की सरळ, काही दोष नाही. मग डॉक्टर खुर्चीत मागे रेलायचे आणि विचारायचे, घरात काही टेन्शन? मुलीचं लग्न जमायचंय का? झोप लागते का? कुणी झोपेच्या गोळ्या दिल्या, कुणी देवाचं नाव घ्यायला सांगितलं. एका तरुण डॉक्टरने खूप प्रेमाने सांगितलं, “आजी, तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुम्ही फक्त घाबरता.” त्याला काकूंनी दवाखान्यातच व्याकरण शिकवलं. तो प्रसंग काका हातवारे करून सांगायचे.

“हे बघा डॉक्टर,” काकू म्हणाल्या होत्या, “‘मी घाबरते’ यात कर्ता कोण? मी. आणि ‘मला घाबरं होतं’ यात? यात मी कर्ता नाही. यात मी काही करत नाही, मला ते होतं. मी सांगते दुसरं वाक्य, आणि तुम्ही लिहून घेता पहिलं.”

“मग तो काय म्हणाला?” मी काकांना विचारलं.

“काय म्हणणार? म्हणाला, शांत व्हा, घाबरू नका.”

आम्ही हसायचो. काकूही हसायच्या. पण एकदा, काका खाली गेले असताना, त्या म्हणाल्या, “हसायला ठीक आहे गं. पण वर्षानुवर्षं प्रत्येकाने सांगितलं ना, तर माणसाला वाटायला लागतं की आपण खरंच भित्रे आहोत. मी बसमध्ये एकटी जाणं सोडलं होतं. गाण्याच्या कार्यक्रमाला दाराजवळची खुर्ची धरायची. भीती नव्हती तिथे या लोकांनी आणून बसवली.” हे सांगताना त्यांच्या आवाजात एरवीचा तिखटपणा नव्हता. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आणि मी ते बोलून दाखवलं नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

मग काकांच्या मोतीबिंदूचं निघालं. ऑपरेशनच्या दिवशी मीही सोबत गेले होते. काका डोळ्यांत थेंब घालून पलंगावर निवांत पडलेले आणि काकू शेजारच्या स्टुलावर. बोलता बोलता काकू एकदम थांबल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “झालं सुरू.” नर्स म्हणाली, “आजी, साधं ऑपरेशन आहे, काळजी करू नका.” आता नर्सला व्याकरण ऐकावं लागणार म्हणून मी डोळे मिटले. पण तिथून एक डॉक्टरीणबाई चालल्या होत्या, काकांच्या हृदयाची तपासणी करून निघालेल्या. त्या थांबल्या. काकूंचं मनगट धरलं आणि नर्सला म्हणाल्या, “मशीन आण. लगेच.” आणि काकूंना त्यांनी एक साधा प्रश्न विचारला.

“हे एकदम सुरू होतं, की हळूहळू वाढत जातं?”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. “एकदम. बटण दाबल्यासारखं.”

“आणि थांबतं कसं?”

“तसंच. खट्‌कन.”

“टेबलावर बोटाने वाजवून दाखवता? कसं चाललंय ते?”

काकूंनी वाजवून दाखवलं. एकसारखं, भरभर, शिलाई मशीनसारखं. तोवर तारा लागल्या, पट्टी निघाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सापडलं. ही भीती नाही. तुमच्या हृदयात विजेचा एक जास्तीचा मार्ग आहे, ठोका त्यात अडकून गोल गोल फिरतो.”

काकूंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. डोळ्यांवर हिरवं फडकं टाकलेले काका चाचपडत हात पुढे करून विचारत होते, “काय झालं? सुलभा, काय झालं?”

“काही नाही हो,” काकू म्हणाल्या. “पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न विचारला.”

पुढे मांडीच्या शिरेतून तार घालून तो जास्तीचा मार्ग जाळून टाकला. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर म्हणाल्या, “पुण्यात गाडी चालवायला रस्ता नाही आणि माझ्या हृदयात मेला एक जास्तीचा निघाला!” त्यानंतर धडधड गेली ती गेलीच. काकू बसने एकट्या फिरायला लागल्या. गाण्याला पुढच्या रांगेत बसायला लागल्या.

आणि तेव्हापासून तो प्रश्न त्यांचा झाला. कुणी छातीवर हात ठेवला की काकू विचारणार, “बटण की जिना?” म्हणजे एकदम सुरू झालं की पायरी पायरीने चढत गेलं. दूधवाल्याने ‘बटण’ सांगितलं तर त्याला त्या स्वतः रिक्षात घालून त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या, आणि निघालंही तसंच.

दुसऱ्या मजल्यावर वैभव नावाचा मुलगा भाड्याने राहायचा, यवतमाळकडचा, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. एका रविवारी तो घामाघूम होऊन काकूंच्या दारात आला. “काकू, माझं हार्ट बंद पडून राहिलं. हाताले मुंग्या येऊन राहिल्या.”

“बस. बटण की जिना?”

“काय?”

“एकदम आलं का चढत गेलं?”

त्याने आठवून सांगितलं. सकाळी मॅनेजरचा मेसेज आला, मग पोटात गोळा, मग तोंड कोरडं, मग धडधड, मग मुंग्या, मग आता मरतो असं.

“जिना,” काकू म्हणाल्या.

तो ओशाळला. “म्हणजे नाटक आहे का हे? खोटं?”

“खोटं कोण म्हणालं?” काकू त्याच्यावर ओरडल्याच. “जिनासुद्धा खराच असतो रे. चढणाऱ्याचे पाय खरेच दुखतात. फक्त त्याचा डॉक्टर वेगळा, मनाचा. आणि आधी पट्टी काढून ये. मी मुद्रितं तपासणारी बाई आहे, माझं बोलणं म्हणजे पट्टी नव्हे. पट्टी सरळ आली तरच मी म्हणते ते खरं.” मग त्याच्यासमोर बसून त्यांनी त्याला सावकाश श्वास सोडायला लावला. घेण्यापेक्षा सोडणं लांब, असं हाताने दाखवत होत्या. काका आतून म्हणाले, “धरणाचं दार हळूहळू उघडायचं, पोरा.” वैभव रडता रडता हसला. पुढे तो खरोखर त्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेला आणि सुधारला.

असं सगळं चांगलं चाललं होतं. मला आता वाटतं, ते दिवस आणखी थोडे असते तर काय बिघडलं असतं?

काका गेले त्या दिवशी मी घरी नव्हते. काकूंनी नंतर, दिवसकार्य झाल्यावर, मला सांगितलं. दुपारचे चार वाजलेले. त्या स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. बाहेर खुर्चीत बसलेले काका म्हणाले, “सुलभा, छातीत जरा कसंतरी होतंय.” काकूंनी आतूनच विचारलं, “बटण की जिना?”

“दोन्ही नाही गं,” काका म्हणाले. “धरण. भरल्यासारखं झालंय.”

काकू हसल्या. चहा गाळला, दोन कप घेऊन बाहेर आल्या, आणि बघतात तर काकांचा सदरा घामाने चिंब भिजलेला. त्यांनी हाक मारली, वैभव धावत आला, त्याने काकांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरवले. दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. झटका मोठा होता, चहा गाळण्याएवढ्या वेळाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं.

“मी हसले गं,” त्या मला म्हणाल्या. “तिसरं उत्तर असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

त्या दिवसानंतर काकूंनी तो प्रश्न कुणालाही विचारला नाही. फळ्यावरच्या चुकासुद्धा तशाच राहू लागल्या. ‘पाणि’ दोन दिवस तसंच होतं, शेवटी मी जाऊन दीर्घ केलं.

दोनतीन महिन्यांनी काकूंनी माझं दार वाजवलं. चेहरा तसाच पांढरा, जिन्यातल्या त्या पहिल्या दिवसासारखा. “परत आलं,” म्हणाल्या. “बटण परत आलं.” आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पट्टी सरळ. छातीला यंत्र बांधून काही दिवस ठेवलं. त्या दिवसांत काकूंना पुन्हा पुन्हा तसं झालं, आणि यंत्रात दिसला तो नुसता भरभर पडणारा, पण अगदी शहाणासुरता ठोका. कुठेही जास्तीचा मार्ग नाही. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि काकूंना त्यांचाच प्रश्न विचारला, “काकू, एकदम सुरू होतं की चढत जातं?”

“एकदम,” काकू म्हणाल्या. “बटण.”

डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, “बरं. पुढच्या आठवड्यात परत या.”

येताना रिक्षा सारसबागेच्या सिग्नलला अडकली. चारी बाजूंनी हॉर्न चाललेले. काकू बाहेर बघत होत्या आणि बाहेर बघतच म्हणाल्या, “खोटं बोलले मी.”

“काय?”

“बटण नाहीये. जिना आहे.”

मी त्यांच्याकडे वळले.

“पहिली पायरी कुठली तेही ठाऊक आहे मला. चार वाजता आधण ठेवते. हात आपोआप दोन कप पाणी घालतो. मग त्यातलं एक ओतून द्यायचं. तिथून सुरू होतं. मग घसा कोरडा पडतो, मग हातपाय गार, मग वाटतं की आता आपणही त्या खुर्चीत… आणि हाक मारायला कुणी नाही.” त्यांनी पदराने चष्मा पुसला. “आयुष्यभर भांडले गं मी सगळ्यांशी, की मी घाबरत नाही म्हणून. त्यांच्याशीसुद्धा. आता कुठल्या तोंडाने सांगू? आता कर्ता मीच आहे.”

आणि इतक्या वर्षांची बंदी विसरून माझ्या तोंडून निघून गेलं, “घाबरू नका काकू.”

मी जीभ चावली. पण काकूंचं बोट वर आलं नाही.

“परत म्हण,” त्या म्हणाल्या.

“घाबरू नका.”

“पुढे ‘मी आहे ना’ असं म्हणायचे ते.”

“घाबरू नका काकू, मी आहे ना.”

“हं.” सिग्नल सुटला. रिक्षा निघाली तेव्हा गचका बसला आणि त्यांनी माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. मी त्यांच्याहून कितीतरी लहान, मला असं धीर देता येत नाही, आणि माझ्या ‘मी आहे ना’मध्ये काही दम नव्हता हे आम्हा दोघींनाही कळत होतं. तरी त्यांनी ते घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. “जिना आहे, आणि मी वैभवला सांगितलं होतं की त्याचा डॉक्टर वेगळा, तर आता मलाही त्याचं नाव द्या.” गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला जाऊ लागल्या. वैभव त्यांना सोडायला जायचा. फरक पडत होता, पण हळूहळू. चारच्या चहाला मी किंवा वैभव, कुणीतरी एक जण जायचोच, म्हणजे दुसरा कप ओतून द्यावा लागायचा नाही. पण आम्ही नोकरीची माणसं, रोज कसं जमणार? शेवटी नाशिकहून मुलगी आली आणि आईला आपल्याकडे घेऊन जायचं ठरलं.

निघायचा दिवस मला चांगला आठवतो. सामान आधीच खाली गेलं होतं. मुलगी गाडीपाशी उभी राहून वर हाका मारत होती, “आई, ये ना लवकर!” काकूंनी दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “फळ्याकडे लक्ष ठेव. वेलांट्या तुझ्या जिवावर सोडून चाललेय.” मी सोडायला खाली येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. “माझी मी उतरते.”

मी दारातच उभी राहिले. त्या कठडा धरून उतरू लागल्या. पहिल्या वळणावर, जिथे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं होतं, तिथे थांबल्या. पुढे नवं घर होतं, नवं गाव होतं, आणि मागे ती खुर्ची. पाठमोऱ्या होत्या, पण खांदे वर चढलेले दिसत होते. श्वासाचा आवाज मला वरपर्यंत येत होता. मी पाऊल पुढे टाकलं होतं, इतक्यात त्यांनी आपलाच डावा हात उचलून मागे नेला आणि मानेखाली, पाठीवर पोचेल तेवढा ठेवला. आणि अगदी हळू, कसलीही घाई नसलेल्या आवाजात म्हणाल्या, “घाबरू नकोस, मी आहे ना.”

खालून मुलीने पुन्हा हाक मारली. थोडा वेळ हात तिथेच होता. मग त्यांनी तो काढून कठड्यावर ठेवला, आणि पुढची पायरी उतरल्या.

त्या गेल्याचा फोन हिवाळ्यात आला. न्यूमोनिया झाला होता, चार दिवस दवाखान्यात होत्या. मुलगी रडत म्हणाली, “शेवटी शेवटी डॉक्टर म्हणाले, आजी घाबरू नका. मला वाटलं आता ही चिडणार. पण ती म्हणाली, नाही घाबरत, ते आहेत ना.”